गार पेटीचा लाभ

सांगलीच्या एका क्लबानं आमचं गाव दत्तक घेतलं, तेव्हा गावाला कुणी विचारलं नव्हतं. पोर दत्तक घेताना निदान त्याच्या आईबापाला तरी विचारतात. इथं एके दिवशी वेशीजवळ पिवळा फलक उभा राहिला. त्यावर क्लबाचं चिन्ह, अध्यक्षांचं नाव, सचिवांचं नाव, खजिनदारांचं नाव आणि खाली जागा उरली म्हणून आमच्या गावाचं नाव.

मी या गावची सून. माहेर माधवनगरचं, वडील गिरणीत होते. विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकले आणि लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या या गावात आले. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा. बाकीचं वर्ष मी आणि सासूबाई, ऊस आणि दोन म्हशी. सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे. सांगलीला मी शिकले असल्यामुळे क्लबाची माणसं गावात आली की मलाच बोलवायची. त्यांना वाटायचं, ही आपली भाषा बोलते. मी बोलायचेही, पण मनात जे यायचं ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला पुन्हा बोलावलं नसतं.

या क्लबाचा अध्यक्ष दर जुलैला बदलतो. आपल्याकडे नवीन सून घरात आली की आधी जुने डबे कुठं आहेत ते बघते. इथं नवीन अध्यक्ष आला की तो मागच्याच्या कामाकडे ढुंकूनही बघत नाही. मागच्याचा प्रकल्प म्हणजे सवतीचं पोर. मग नवा प्रकल्प, नवं अनुदान, नवा फलक. एका वर्षी शाळेत हात धुवायचे नळ बसले. रांगेनं चकचकीत नळ, वर क्लबाचं चिन्ह, पण पाईप जोडलेला नाही, कारण मंजुरी नळांना होती, पाण्याला नव्हती. पोरं त्या नळांना दप्तरं अडकवतात. एका वर्षी रस्त्याकडेला झाडं लावली, दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावली. खड्डे तयार असल्यामुळे दुसऱ्या वर्षी काम लवकर उरकलं आणि पाहुण्यांना जेवायला वेळ मिळाला. शिलाई मशीनचं वाटप तर इतक्या वेळा झालं, की त्याच तिघी बायका फोटोत तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत दिसतात.

माझी नणंद साताऱ्याकडे दिली आहे. तिच्या गावात अशाच कुठल्यातरी मंडळींनी पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. ती सांगायची, यंत्रापेक्षा त्यावरची पाटी मोठी आहे, उन्हाळ्यात लोक पाटीच्या सावलीला बसतात. आम्ही दोघी हसायचो. हसण्यापलीकडे त्या माणसांची आमच्या लेखी किंमत नव्हती.

मग ती पेटी आली.

त्या वर्षीचे अध्यक्ष विश्रामबागेतले फर्निचरवाले. गुबगुबीत, गोड बोलणारे, प्रत्येक वाक्याआधी 'सेवा' म्हणणारे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की या गावातली निम्मी घरं फौजेत आहेत, आईबाप गेले तर पोरं वेळेत पोहोचत नाहीत. म्हणून त्यांनी अनुदानातून मृतदेह ठेवायची थंड पेटी आणायचं ठरवलं. विजेवर चालणारी, वरून काचेचं झाकण. खोटं कशाला बोलू, कल्पना चांगली होती. क्लबाच्या सगळ्या खुळांत ही एकच गोष्ट गावाला खरोखर हवी होती. म्हणूनच मला त्या माणसांचा राग जास्त येतो. जी माणसं बाकी सगळं चुकीचं देतात त्यांना हसून सोडता येतं. जी माणसं बरोबर वस्तू देऊन तीही नासवतात, त्यांचं काय करायचं?

गावानं तिला नाव दिलं गार पेटी. तिचं लोकार्पण मारुतीच्या पारासमोर झालं. मांडव, माइक, हार, शाली. पेटीला झेंडूची माळ घातली होती आणि लाल फीत बांधली होती. नारळ कुठं फोडायचा यावर व्यासपीठावर बराच वेळ कुजबुज झाली. पेटीवर फोडला तर काच जाईल, पेटीपुढं फोडला तर जणू नवा ट्रॅक्टर आणलाय. शेवटी अध्यक्षांनी तो पाराच्या दगडावर फोडला आणि हात कुठं पुसायचे म्हणून पेटीच्या माळेलाच पुसले.

कार्यक्रम सांगणाऱ्या बाईंनी माइकवरून जाहीर केलं, की आता गावातल्या सुवासिनींनी पुढं यावं आणि पेटीचं औक्षण करावं. एकही बाई हलली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आत्ती मोठ्यानं म्हणाल्या, "आवं, ववाळायचं कुणाला? आत कोन हाय?" सगळा मांडव हसला. व्यासपीठावरची मंडळीही हसली, पण त्यांना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं.

मग अध्यक्षांचं भाषण. शिलाई मशीनच्या वाटपाला क्लबाचं जे भाषण असायचं, तेच त्यांनी वाचलं असणार, कारण शेवटचं वाक्य होतं, "ग्रामस्थांनी या सुविधेचा जास्तीत जास्त लाभ घ्यावा." टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. आमच्या भावकीतले वडीलधारे चुलत सासरे पुढच्या रांगेत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, गावाची रीत हाय. पयला मान तुमचा." ते वाक्य त्या वर्षी ऊसतोडीपर्यंत गावात फिरत होतं. कुणी कुणाला चहाचा आग्रह केला तरी उत्तर तेच.

घरी येताना मीही हसत होते. आत्ती मात्र थांबल्या. सासरे वारले तेव्हा माझा नवरा सरहद्दीवर होता, बर्फात वाट बंद. तो आला तेव्हा हाती लागली ती राख. सावडायचं सुद्धा राहिलं नव्हतं. तो अंगणात बॅग घेऊन उभा राहिला आणि आईला विचारत राहिला, की दादांचं तोंड कसं दिसत होतं, दाढी केली होती का. आत्तींनी ते मनात धरून ठेवलं होतं. त्या मला म्हणाल्या, "हसू नगंस. त्यास्नी न्हाई आक्कल, पर पेटी कामाची हाय. माझ्या वक्ताला त्याला माझं तोंड दिसूदे. एवडं कर." मी हो म्हटलं. त्यांच्या आवाजात विनंती नव्हती, काम सांगितल्यासारखं सांगितलं होतं.

पेटी कुठं ठेवायची यावर पुन्हा वाद झाला. ग्रामपंचायत नको म्हणाली, शाळा नको म्हणाली, देवळाचा प्रश्नच नव्हता. शेवटी सोसायटीच्या गोदामात युरियाच्या पोत्यांआड ती उभी राहिली. पेटी बाहेर काढायची तर आधी अध्यक्षांना फोन करायचा, असा नियम क्लबानं घातला. मला वाटलं, जपणूक असेल.

दिवाळीनंतर आत्ती गेल्या. सकाळी चहा पिऊन पुन्हा पडल्या त्या उठल्याच नाहीत. मी नवऱ्याच्या युनिटला फोन लावला. तो ईशान्येकडे डोंगरात होता. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. म्हणाला, खाली उतरायला गाडी मिळतेय, पुढं विमान, परवा दुपारपर्यंत पोहोचतो, थांबाल का? मी म्हटलं, थांबतो. मग फोन कट झाला.

भावकी मात्र थांबायला तयार नव्हती. मढं घरात असताना भावकीत चूल पेटत नाही. पोरंबाळं, म्हातारी माणसं, दोन दिवस कशी राहणार? तेच चुलत सासरे म्हणाले, की आजच माती करू, पोरगा दहाव्याला येईल. चूक त्यांची नव्हती, रीत तशीच आहे. मी सांगितलं, की आत्तींनी माझ्याकडून शब्द घेतलाय, पेटी आणायची. माळी वस्तीवरच्या बायकांनी पिठलंभाकरी करून आणायचं कबूल केलं, तेव्हा कुठं ते गप्प झाले. गप्प झाले, राजी नाही.

सोसायटीच्या माणसानं अध्यक्षांना फोन केला आणि पेटी आली. सोप्यात ठेवली, घरातून वायर ओढली, आत्तींना आत निजवलं. तेव्हा मला दिसलं, की काचेच्या झाकणावर बरोबर तोंडाच्या जागी क्लबाचं स्टिकर आहे. जेवणाच्या ताटाएवढं गोल. मध्ये चिन्ह, भोवती अध्यक्षांचं नाव आणि 'सेवेसाठी सदैव'. पाय दिसत होते, हात दिसत होते, पांढरी चोळी दिसत होती. तोंडाच्या जागी फर्निचरवाले.

मी काही करण्याआधीच क्लबाची गाडी आली. अध्यक्ष, तीन सभासद आणि फोटोग्राफर. क्लबाच्या चौघांनी सारखे कोट घातलेले, हातात घडी केलेला बॅनर. मला वाटलं, भेटायला आले. त्यांनी हात जोडले, दोन मिनिटं मान खाली घातली आणि मग बॅनर उलगडला. सोप्याच्या खांबांना तो बांधता येईल का, असं त्यांनी माझ्या नणंदेला विचारलं. ती नुकतीच साताऱ्याहून आली होती, आईच्या पायाशी बसून रडत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांनी ते होकार म्हणून घेतलं.

पेटीचा हा पहिलाच वापर होता आणि अनुदानाच्या अहवालाला लाभार्थ्याचा फोटो लागतो, असं अध्यक्षांनी मला समजावून सांगितलं. मग त्यांच्यातच चर्चा झाली, की लाभार्थी कुणाला म्हणायचं, मृताला की नातेवाइकांना. दोन्ही असलेले बरे, असं ठरलं. मला पेटीच्या उजव्या बाजूला उभं राहायला सांगितलं, हात जोडून. मी उभी राहिले नाही. तेव्हा ते स्वतःच उभे राहिले, हात जोडून, चेहरा पाडून. फोटोग्राफर सवयीनं म्हणाला, "इकडं बघा, जरा स्मा..." आणि थांबला. तो तरी थांबला. त्यालाच काय ती लाज होती.

ते गेल्यावर मी उलथनं घेतलं, खोबरेल तेल घेतलं आणि स्टिकर खरवडायला बसले. नणंद फडक्यानं पुसत होती. आधी 'सदैव' निघालं, मग चिन्ह, मग अध्यक्ष. चिकटा जाता जात नव्हता. हळूहळू खालून आत्तींचं कपाळ दिसलं, मग कुंकू पुसलेली जागा, मग बंद डोळे. शांत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष पुन्हा आले. आधी त्यांची नजर काचेवर गेली. हातातलं खेळणं कुणी मोडल्यावर लहान मूल बघतं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी मुद्दा काढला. उद्याच सांगलीत त्यांच्या क्लबांचं मोठं संमेलन होतं. सगळ्या क्लबांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन, परीक्षक बाहेरून येणार, उत्तम प्रकल्पाला ढाल. आणि आमच्या गावची पेटी त्यांनी स्पर्धेत घातली होती.

मी म्हटलं, पेटी वापरात आहे.

तेच तर, ते म्हणाले. वापरात आहे हे परीक्षकांना सांगायला फार चांगलं आहे. पण पेटी तिथं दिसायला हवी. सकाळी तीन-चार तास. तोवर ते बर्फाच्या लाद्या पाठवतील, लाकडाच्या भुश्यात ठेवून, सगळं क्लबाच्या खर्चानं. गोड आवाजात बोलत होते. आपण काही वावगं मागतोय असं त्यांना वाटतच नव्हतं, हे बघून माझं अंग जळत होतं. वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं. हा माणूस वाईट नव्हता. त्याला पेटी दिसत होती, आतलं माणूस दिसत नव्हतं, एवढंच. स्टिकर काढलं होतं तरी.

मी म्हटलं, "साहेब, आमची माणसं तुमच्या प्रदर्शनासाठी मरत नाहीत."

ते म्हणाले, वहिनी, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. पेटी शेवटी क्लबाच्या मालकीची आहे. जरा व्यवहारानं बघा.

तेव्हा चुलत सासरे उठले. ज्यांना पेटी नको होती, ज्यांच्या घरची चूल कालपासून बंद होती, तेच. त्यांनी अंगणातली खाट उचलली, सोप्याच्या दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसले. म्हणाले, "पोरगं येऊस्तोवर पेटी हालायची न्हाई. तुमी जावा." आवाज चढवला नाही. अध्यक्ष उठले. जाताना कुणाशी तरी फोनवर बोलत होते, की परीक्षकांना संध्याकाळी पेटी दाखवली तर चालेल का. चाललं असावं. कारण तिसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या दारात क्लबाचा टेम्पो उभा राहिला, पेटी कधी रिकामी होते याची वाट बघत. ड्रायव्हर बिचारा पिठलंभाकरी खाऊन गेला. साहेब लोक गाडीत एसी लावून बसले होते.

नवरा दुपारी आला. वर्दीतच होता, बूट चिखलानं भरलेले. अंगणातली माणसं बाजूला झाली. तो सरळ पेटीपाशी गेला आणि काचेवर दोन्ही हात टेकून वाकला. बराच वेळ तसाच. मी मागं उभी होते. मला दिसत होतं, की तो आईचं तोंड बघतोय, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं शेत बघावं तसं. मग झाकण उघडायला लावलं, गालाला हात लावला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "लय गार पडलीय गं." आणि मग तो रडला. बापाच्या वेळी रडायचं राहिलं होतं, तेही त्यातच आलं असावं.

आत्तींना न्हाऊमाखू घातलं, नवं लुगडं नेसवलं, तिरडी बांधली. इतका वेळ गाडीत बसलेली मंडळी आता खाली उतरली. वर्दीतला जवान आणि त्याची आई, हे त्यांना गाडीच्या काचेतूनही दिसलं असणार. अध्यक्षांनी माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला, देशासाठी तो काय करतो ते त्यालाच सांगितलं आणि एक फोटो पेटीजवळ घेता येईल का विचारलं. संमेलनात फार परिणाम होईल, असंही म्हणाले.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. या माणसांनी पेटी दिली, तिच्यामुळं आईचं तोंड दिसलं, एवढंच त्याला माहीत. त्याच्या मनात त्यांच्याबद्दल फक्त उपकार होते. तो म्हणाला, "फोटो मागनं काडू. तुमचं लय उपकार झालं साहेब. पुढची एक बाजू तुमी धरा. आईला खांदा द्या."

तो मान देत होता. भावकीतल्या माणसाला जो मान मिळतो, तो परक्या माणसाला देत होता.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. सभासदांकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, की द्यायला काहीच हरकत नाही, पण खांदा दिला की आंघोळ करावी लागणार, कपडे बदलावे लागणार, आणि पाचपर्यंत संमेलनाला पोहोचायचंय. पुन्हा कधीतरी, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

नवऱ्यानं त्यांच्याकडं क्षणभर बघितलं. चुलत सासऱ्यांनी पुढची बाजू धरली, वयाला झेपत नसताना. आत्ती निघाल्या. आमच्यात बायका नदीवर जात नाहीत, त्यामुळे मी दारात राहिले आणि पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

क्लबाच्या चौघांनी नाकाला रुमाल बांधले. एकानं पेटीच्या आत काहीतरी वासाचं फवारलं. अध्यक्षांनी खिशातून नवीन स्टिकर काढलं, काचेवर हात फिरवून जागा बघितली आणि बरोबर तोंडाच्या जागी चिकटवलं. अंगठ्यानं कडा दाबल्या. मग चौघं चार कोपऱ्यांना वाकले, एकानं एक दोन तीन म्हटलं आणि त्यांनी पेटी उचलली. उंबऱ्याला लागू नये म्हणून पाय बेतानं टाकत, एकमेकांना सांभाळून घेत, घामानं कोट भिजेपर्यंत. आत कुणी नसलं, की त्यांना खांदा द्यायला येतो.